ओसरीवरचं ताट

शालू जिज्जींना कुणी विचारलं, "तुम्ही काय करता?" तर त्या म्हणायच्या, "बसते."

विचारणारा गोंधळायचा. कुठे बसता, दुकानात की बँकेत? "बाईच्या उशाशी," त्या सांगायच्या, "मूल होईपर्यंत." मग पिशवीतून सुपारीचं खांड काढून तोंडात टाकायच्या आणि दुसरीकडे बघायच्या.

त्या सुईण होत्या. सरकारदरबारी त्यांच्या हुद्द्याला लांबलचक इंग्रजी नाव होतं, पण ते फक्त पगाराच्या दिवशी उपयोगी पडायचं. त्यांच्या नोकरीच्या गावी, झाशीजवळच्या टहरौलीत, बायका त्यांना 'बाईजी' म्हणत. झाशीत मानिक चौकाच्या मागच्या आमच्या गल्लीत त्या सगळ्यांच्या 'जिज्जी' होत्या. बुंदेलीत थोरल्या बहिणीला म्हणतात तसं. शालिनी हे नाव त्यांच्या वडिलांखेरीज कुणी घेत नसे आणि वडील तर त्यांच्याशी फारसं बोलतच नसत.

गेल्या वर्षी होळीच्या आधी माझी नात सानिका माझ्या पलंगावर येऊन आडवी पडली. तिचं नर्सिंग झालं होतं. दिल्लीतल्या एका मोठ्या खासगी हॉस्पिटलात जागा मिळत होती आणि तिला मात्र पुढे मिडवायफरी शिकायची होती. माझा मुलगा म्हणत होता, दिल्ली. सून म्हणत होती, "लोकांना काय सांगायचं, मुलगी दाई आहे?" सानिकाला मराठी समजतं सगळं, बोलताना मात्र तिची गाडी दर दोन शब्दांनी हिंदीच्या रुळावर जाते. "आजी, तू सीधा सीधा सांग. चांगलं करिअर आहे का नाही?"

मी म्हटलं, "मला काय विचारतेस? मी एकदाच बाळंत झाले आणि तेवढ्यात अख्खी गल्ली डोक्यावर घेतली. जिनं जन्म घातला यात, तिला विचार."

"मग घेऊन चल ना जिज्जी आजींकडे."

बोलून तर बसले, पण मग मलाच धास्ती वाटायला लागली. जिज्जी 'नको' म्हणाल्या तर पोर ऐकेल, एवढा त्यांचा वचक. आणि 'नको' म्हणायला त्यांच्याकडे काय काय होतं, ते माझ्याइतकं फार थोड्यांना माहीत होतं.

मी सांगलीहून लग्न होऊन झाशीला आले ती जिज्जींच्या घरात वरच्या मजल्यावर भाडेकरू म्हणून. आमचे हे कारखान्यात इंजिनियर. खाली नाना, म्हणजे जिज्जींचे वडील, गावातल्या मराठी घरांचे उपाध्याय. त्यांच्या पत्नी माई. जिज्जींचा धाकटा भाऊ आणि जिज्जी. त्यांचे पूर्वज पेशवाईत इकडे आले आणि इथलेच झाले. मी तेव्हा वयानं विशीची आणि अकलेनं त्याच्या निम्मी. सांगलीचं मराठी तेवढं खरं, बाकी सगळं भेसळ, असं माझं ठाम मत. जिज्जी म्हणाल्या, "मी येऊन राहिले," तर मी म्हणायची, "येतेय म्हणावं." दोन-तीनदा त्यांनी ऐकून घेतलं. मग एकदा शांतपणे म्हणाल्या, "तू दुरुस्त करून राहा. मी येऊन राहीन." त्यानंतर मी त्यांचं मराठी दुरुस्त करायचं सोडलं.

आल्यावर पहिल्याच शनिवारी मी त्यांना जेवताना पाहिलं. ओसरीवर, भिंतीला टेकून, पितळी ताट मांडीपुढे. माई आतून यायच्या आणि उंबऱ्याच्या आत उभ्या राहून पोळी वरून सोडायच्या. पोळी ताटात पडताना बारीक आवाज व्हायचा. आमटीही तशीच, हात लांब करून, पळीतून. मला वाटलं, बाईचं काही व्रत असेल. मग वाटलं, अडचण असेल. पुढच्या शनिवारीही तेच, त्याच्या पुढच्याही. शेवटी मी माझ्या त्या चोख सांगलीच्या मराठीत विचारलं, "तुम्ही आत का नाही जेवत?"

"सोयर आहे मला," जिज्जी म्हणाल्या.

"कुणाकडे बाळंतपण झालं?"

"टहरौलीत. रोज कुणाकडे ना कुणाकडे होतं."

ज्यांना हे ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. घरात मूल जन्मलं की त्या कुळातल्यांना दहा दिवस सोयर. देवाला हात लावायचा नाही, स्वयंपाकघरात शिरायचं नाही. जिज्जींनी सुईणपणाचं शिक्षण घ्यायचं ठरवलं तेव्हा नाना संतापले होते. उपाध्यायाची मुलगी, लोकांची बाळंतपणं करणार! त्यांनी तिला अडवलं नाही, पण ओसरीवर उभं राहून नियम सांगितला, "बाळंतपण करून आलीस की दहा दिवस तुला सोयर. मग आत ये." टहरौलीच्या दवाखान्यात जिज्जींचे आठ दिवस कधी बाळाशिवाय गेले नाहीत. एकाचे दहा दिवस सरायच्या आत दुसरं यायचं. दर शनिवारी संध्याकाळच्या बसनं त्या घरी यायच्या, नाना ओसरीवर बसलेले असायचे, वर न बघता विचारायचे, "या आठवड्यात?"

"झाली, नाना."

बस्स. मग ताट बाहेर. नोकरी लागल्या दिवसापासून असंच चाललेलं.

मी तेव्हा फार हुशार होते. मी तोडगा काढला, "जिज्जी, एखाद्या शनिवारी सांगा ना, नाही झालं म्हणून. कोण टहरौलीला जाऊन बघतंय?"

जिज्जींनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी आपसूक पदर नीट केला. "खोटं बोलून आत जायचं, तर मग इतके दिवस बाहेर कशाला बसले गं?"

त्यांना लग्नाची स्थळं आली नाहीत असं नाही. ग्वाल्हेरचं एक घर बघायला आलं होतं, मी आले त्याच्याही आधी. मुलाच्या आईनं विचारलं, "नोकरी सोडणार ना?" जिज्जी म्हणाल्या, "सोडीन की. पण तुमच्या सुनांना मुलं होणार असतील ना? ती बाळंतपणं मी केली की जेवायला मला कुठे बसवाल?" बाईंनी शिरा अर्धा टाकला. हे मला माईंनी सांगितलं, हसत हसत, आणि सांगून झाल्यावर बराच वेळ तांदूळ निवडत राहिल्या.

एकदा मी हट्टानं त्यांच्याबरोबर टहरौलीला गेले. पोपटी नायलॉनची साडी आणि उंच टाचेचे सँडल घालून. त्या खेड्याला मी काय दाखवायला निघाले होते देव जाणे. पोहोचतोय तोच एका घरून बोलावणं आलं. जिज्जी झपझप पुढे, मी एक सँडल चिखलात, एक हातात. अंगणात खाटेवर घरचे म्हातारे दद्दा बसलेले, मिशा भरघोस, मांडीवर बंदूक. नातू झाला की उडवायची म्हणून भरून ठेवलेली. मला वाटलं, आपल्यासाठीच.

दुपार कलंडली आणि आतून बाळाचं रडणं ऐकू आलं. थोड्या वेळानं जिज्जी दारात येऊन उभ्या राहिल्या. पदराला हात पुसत.

"का भओ, बाईजी?" दद्दा म्हणाले.

जिज्जी गप्प.

"लड़का कै लड़की?"

जिज्जी पदराला हात पुसतायत, आपले पुसतायत. हात कधीचे कोरडे झाले होते. दद्दांनी पुन्हा विचारलं, बाळाच्या बापानं विचारलं, कुणी चुलता होता त्यानं विचारलं. जिज्जी कोनाड्यातल्या चिमणीच्या घरट्याकडे बघत उभ्या. मला तर खात्रीच झाली, म्हातारा बंदूक आमच्यावरच चालवणार. शेवटी भिंतीकडची एक म्हातारी करवादली, "अरे, पैलें जा तो पूछ लो, बहू कैसी है!"

दद्दा खाकरले. "बहू... ठीक है?"

"ठीक है," जिज्जी लगेच म्हणाल्या. "थक गई है, गुड़ का पानी पिलाओ। लड़की हुई है।"

दद्दांनी बंदूक खाटेखाली सरकवायला घेतली.

"दद्दा, भरी बंदूक घर में मत रखो," जिज्जी म्हणाल्या. "छोटे बच्चे हैं। चला दो।"

आणि म्हाताऱ्यानं खरंच उडवली. त्या गावात मुलीसाठी उडालेली ती पहिलीच बंदूक म्हणे. परतीच्या बसमध्ये मी विचारलं, "दर वेळी असंच करता?" तर म्हणाल्या, "पहिल्या मुलाच्या वेळी वेळ लागतो. दुसऱ्याच्या वेळी बाप दारातच विचारतो, बहू कैसी है. शिकतात गं. शिकवणारं नसतं कुणी."

माझा मुलगा झाला तो एका रविवारी, भर दुपारी, वरच्या मजल्यावर. रविवार म्हणून जिज्जी घरी होत्या, नाहीतर माझं काय झालं असतं ठाऊक नाही. मी पुस्तक वाचून तयारी केली होती. श्वास कसा घ्यायचा, मन कसं प्रसन्न ठेवायचं, सगळं पाठ. पहिली मोठी कळ आली आणि पुस्तक लिहिणारीच्या सात पिढ्या मी काढल्या. जिज्जी माझ्यासमोर पाटावर येऊन बसल्या आणि त्यांनी आपले दोन्ही हात स्वतःच्या मांड्यांखाली दाबून ठेवले.

"हात काय खाली घेऊन बसलात? काहीतरी करा ना!" मी किंचाळले.

"करायची घाई होते म्हणूनच दाबून ठेवलेत. काम तुझं आहे. हात लागतील तेव्हा काढीन बाहेर."

तासन् तास त्या तशा बसल्या. मधूनच नुसत्या डोळ्यांनी मला आजमावायच्या. हात बाहेर आले ते अगदी शेवटी. बाळ हातात आल्यावर त्या त्याच्याशी बोलल्या, "आलास का? ये. उशीर केलास, पण ये." नंतर मला कळलं, की टहरौलीतल्या प्रत्येक मुलाशी त्या असंच मराठीत बोलायच्या. आईला हिंदीत, आजीला बुंदेलीत, बाळाला मराठीत. कळा देणाऱ्या बाईवर ओरडायचं असलं तरी मराठीतच. "माझी बोली तिला कळत नाही ना, मग अपमान कसा होईल?" त्या भागातल्या कितीतरी ठाकूर, अहिर, कोरी माणसांच्या कानावर जगातला पहिला शब्द पडला तो मराठी. त्यांना पत्ताही नाही.

बारशाला नाना वर आले, बाळाच्या डोक्यावर हात ठेवला, पेढा खाल्ला आणि मंत्र म्हटले. जिज्जी जिन्यात उभ्या राहून ऐकत होत्या. माझ्या बाळाचं सोयर फिटलं होतं, पण तोवर त्यांना टहरौलीतल्या नव्या बाळाचं लागलं होतं.

टहरौलीतलं आणखी एक त्यांनी मला सांगितलं, एकदाच. हिवाळ्याचे दिवस, आम्ही गच्चीवर हरभरे सोलत होतो. त्या हरभऱ्याकडेच बघत बोलत होत्या. फूलवती नावाची एक बाई. तिसरं बाळंतपण. मूल ठीक झालं, पण रक्त थांबेना. तिला झाशीला न्यायला पाहिजे होतं. दवाखान्यात गाडी नव्हती. घरच्यांचा ट्रॅक्टर मळ्यावर गेलेला, तो आणायला माणूस पाठवला, माणूस येईना. पुरुष अंगणात भांडत होते, कुणाचा ट्रॅक्टर मागावा यावरून. एका घराशी यांचं बोलणं नव्हतं. जिज्जींनी येत होतं ते सगळं करून पाहिलं होतं. मग फूलवती त्यांना म्हणाली, "बाईजी, अपनी बोली में कछू बोलो।" आधीच्या दोन्ही बाळंतपणांत तिनं जिज्जींचं मराठी ओरडणं ऐकलेलं. तिला ते आवडायचं.

"आणि मला काही सुचेना," जिज्जी म्हणाल्या. "देवाचं नाव सुचेना, काही सुचेना. मग मी पाढे म्हटले."

"पाढे?"

"बे एके बे, बे दुणे चार. दोनचा झाला, तीनचा झाला. ती ऐकत होती. डोळे माझ्या तोंडाकडे. पाचाच्या पाढ्यात गेली."

मी सोललेले हरभरे पुन्हा सालीत टाकत होते, ते त्यांनीच वेगळे केले. त्यानंतर जिज्जी बरेच दिवस कामावर गेल्या नाहीत. ओसरीवर बसून राहायच्या. नानांनी एका शनिवारी सवयीनं विचारलं, "या आठवड्यात?" आणि त्या म्हणाल्या, "नाही, नाना." त्या दिवशी माईंनी ताट आत वाढलं. पाट मांडला, भोवती रांगोळीसुद्धा काढली. जिज्जी येऊन बसल्या, दोन घास खाल्ले आणि उठून मोरीत जाऊन ओकल्या. सोमवारी सकाळच्या बसनं टहरौलीला परत गेल्या. आत मिळालेलं जेवण त्यांना त्या किमतीला नको होतं, हे मला कळायला पुढे पुष्कळ वर्षं लागली.

नंतर एका पितृपक्षात नानांकडे काशीहून एक वृद्ध शास्त्रीबुवा आले होते. रविवार होता. मी अंगणात वाळवण राखत होते, म्हणजे राखण्याच्या नावाखाली सगळ्यांचं बोलणं ऐकत होते. शास्त्रीबुवांनी पाय धुतले आणि ओसरीवर जेवणाऱ्या जिज्जींकडे पाहून विचारलं, "नाना, मुलगी बाहेर का?"

"सोयर आहे तिला."

"घरात बाळंतीण कोण?"

"घरात नाही. ती सुईण आहे. लोकांची करते."

म्हातारे शास्त्री खो खो हसले. त्यांच्या हसण्यात काही वाईट नव्हतं. "अहो, सोयर असतं कुळाला, भाऊबंदांना! सुइणीला कुठलं? तिनं आंघोळ केली की ती मोकळी. हे कोणत्या पोथीत वाचलंत तुम्ही?"

नानांनी पंचा घेतला आणि शास्त्रीबुवांचे पाय पुसून दिले. अशी सेवा त्यांनी कधी कुणाची केली नव्हती. मी जिज्जींकडे पाहिलं. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांचा हात घासासकट मध्येच थांबला होता. मग तो तोंडाकडे गेला आणि त्या जेवत राहिल्या.

मला वाटलं, आता हाक येईल. 'शालिनी, आत ये.' तीन शब्दांचं तर काम. मी वाळवणावरचे कावळे हाकलायचे विसरले.

हाक आली नाही. संध्याकाळी जेवणाच्या वेळी नाना आपलं ताट घेऊन बाहेर आले आणि जिज्जींच्या शेजारी, भिंतीला टेकून बसले. माई उंबऱ्यात थिजल्या.

"आत उकडतंय," नाना म्हणाले.

भाद्रपद होता, उकडत होतं खरं. पण मग दिवाळी झाली, थंडी पडली. झाशीची थंडी ज्यानं पाहिली त्यालाच माहीत. पौषात नाना कानटोपी, मफलर, वर घोंगडी अशा थाटात ओसरीवर बसून कुडकुडत जेवायचे आणि कुणी विचारलं तर म्हणायचे, "आत उकडतंय." दर शनिवारी, दर रविवारी. जिज्जी नसल्या की आत. 'या आठवड्यात?' हा प्रश्न मात्र त्यांनी पुन्हा विचारला नाही.

मी एकदा न राहवून जिज्जींना म्हटलं, "तुम्ही सरळ उठून आत का जात नाही? चूक त्यांची आहे."

"माहीत आहे."

"मग?"

"बाहेर जा म्हणाले होते, म्हणून बाहेर आहे. आत ये म्हटलं की जाईन." मग सुपारी चघळत म्हणाल्या, "नानांना राग आला की आधी नियम सांगायचे, नंतर पोथी बघायचे. माझ्या वेळी पोथी बघायची राहून गेली. आता बघितली तर इतक्या वर्षांचं काय करायचं त्यांनी?"

बापलेक वर्षानुवर्षं तसे जेवले. फार बोलायचे नाहीत. कधी नाना आपल्या ताटातली लिंबाची फोड त्यांच्या ताटात टाकायचे. वरून नाही, हात टेकवून.

माई आधी गेल्या. मग नाना आजारी पडले आणि त्यांना बाहेर येववेना. मधल्या खोलीत खाट, खोलीची खिडकी ओसरीवर उघडणारी. जिज्जी रजा काढून आल्या. खिडकीशी ताट घेऊन बसायच्या, नानांना दिसेल असं. दिवसभर बोलायला सवड होती. नाना हवापाण्याचं बोलले, माईंच्या हातच्या लोणच्याचं बोलले. ती हाक काही आली नाही. मला आजही वाटतं, ती त्यांच्या घशापर्यंत रोज येत असणार.

नाना गेल्यावर घराला सुतक आलं. मृत्यूच्या सुतकात अख्खं कुळ सारखं. सगळेच शिवायचे नाहीत, सगळ्यांचाच देव बंद. त्या दिवसांत भाऊ, भावजय आणि जिज्जी आत एका पंक्तीला बसून पिठलं-भात जेवले. शेजारधर्म म्हणून ते मी वरून करून देत होते. आयुष्यभर जी पंगत मिळाली नाही ती त्यांना बाप गेल्यावर मिळाली. तेराव्याला घर शुद्ध झालं, दिवा लागला आणि जिज्जींनी आपलं पितळी ताट उचलून ओसरीवर नेलं.

भावजय रडकुंडीला आली. "वन्सं, आता कोण आहे नको म्हणणारं? आत या ना."

"नको म्हणणारं नाही," जिज्जी म्हणाल्या, "ये म्हणणारंही नाही."

त्या निवृत्त झाल्या, तरी ओसरीवरच. भाच्याचं लग्न झालं, घरात टेबल-खुर्च्या आल्या, सोयर काय ते नव्या सुनेला शब्दानंही ठाऊक नव्हतं. तीही दोन-चारदा म्हणाली, "बुआजी, अंदर आइए न." मग घरच्यांना सवय झाली. म्हातारीची एक लहर, असं सगळे समजून चालले. ओसरीला लोखंडी जाळी बसवली, पंखा लावला.

आणि अशा बाईकडे मी माझ्या नातीला घेऊन निघाले होते, विचारायला, की हे चांगलं करिअर आहे का.

जिज्जी आता हाताएवढ्या झाल्या होत्या. उन्हात खाटेवर बसलेल्या. ऐकू यायचं ठीक, दिसायचं कमी. मी सानिकाला पुढे ढकललं. ती बिचारी तयारी करून आली होती. परदेशात मिडवायफना किती मान आहे, आपल्याकडे आता सरकार कसं लक्ष देतंय, दिल्लीत पगार किती, सगळं तिनं अर्ध्या हिंदीत, अर्ध्या मराठीत मांडलं. जिज्जी पाढे ऐकणाऱ्या मास्तरासारख्या ऐकत होत्या.

"एखादी बाई जाईल," ऐकून झाल्यावर त्या म्हणाल्या. "तुझ्या समोर. तुझी चूक नसताना."

सानिका मग हळूच म्हणाली, "तब क्या करना चाहिए, जिज्जी आजी?"

"मला माहीत नाही."

जाळीवर एक खार वरखाली करत होती. मला वाटलं, झालं, आता 'नको' येणार. जिज्जींनी डोळे बारीक करून सानिकाकडे पाहिलं.

"घरी तुला जेवायला कुठे बसवतील?"

सानिकाला प्रश्नच कळला नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच असेल. "जेवायला? टीव्हीसमोर बसते मी. आई ओरडते."

"बाळंतपण करून आलीस तरी?"

"हो ना. ट्रेनिंगमध्ये किती डिलिव्हरी बघितल्या, घरी आले की पहले खाना, फिर नहाना. आई त्याच्यासाठी पण ओरडते."

"आई शेजारी बसते?"

"माझ्याच ताटातून खाते ती. म्हणते, टेस्ट करून राहिले."

जिज्जी माझ्याकडे वळल्या. "खरं?" मी मान हलवली. त्या हसतील असं वाटलं होतं, पण हसल्या नाहीत. त्यांचा खालचा ओठ थरथरत होता आणि तो त्यांनी बोटानं दाबून धरला. बोट तसंच ठेवून म्हणाल्या, "मग कर."

एवढंच. मिडवायफरीबद्दल त्यांना दुसरं काही विचारायचं नव्हतं. सानिकानं त्याच आठवड्यात दिल्लीला नाही म्हणून कळवलं. जिज्जी त्यानंतर पावसाळा संपेपर्यंत होत्या. मी गेले होते पोचवायला, पण ते चित्र माझ्या डोळ्यांपुढे फारसं येत नाही. येतं ते त्या दुपारचंच, निघतानाचं.

सानिका पाया पडायला वाकली तर जिज्जींनी तिचा हात धरला आणि डोळ्यांजवळ नेला. मैत्रिणीच्या लग्नासाठी पोरीनं नखं वाढवून घेतली होती, जांभळी, चमकीची, चमच्याएवढी.

"हे काय गं?"

"नेल एक्स्टेन्शन, आजी."

"या हातांनी बाईला तपासणार? बस खाली."

भाच्याच्या बायकोनं नेलकटर आणून दिलं. जिज्जींनी सानिकाचा पंजा आपल्या मांडीवर पसरला, पाठीचा कणा वाकवून नाक जवळजवळ टेकवलं आणि एकेक नख कापायला घेतलं. सानिका डोळे मिटून बसली होती, पण हात मागे घेत नव्हती. जांभळे तुकडे उडून फरशीवर, खाटेवर, माझ्या पायाशी पडत होते. एक हात झाला. जिज्जींनी बोटांची टोकं आपल्या अंगठ्यानं चाचपली, कुठे धार राहिली का ते बघितलं, आणि मान वर न करता म्हणाल्या, "दुसरा हात दे."